एफपाशी अडलेलं गाणं

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर गिटार टांगलेली आहे, ती कधीकधी आपणहून बोलते. गाणं वगैरे वाजत नाही. कुणी मोठ्यानं खोकलं, किंवा रस्त्यावरून उसाची ट्रॉली दणदणत गेली, की एखाद्या तारेतून बारीक हुंकार निघतो आणि विरतो. एका कंपनाला दुसरं कंपन साथ देतं, हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले आहे आणि ते मला अजून पाठ आहे. तरीही दुपारी चारच्या सुमारास, कुणी खोकलेलं नसताना आणि रस्ता रिकामा असताना तो हुंकार आला, की मी हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघते.

बाळांनो, ही गिटार थोरलीची. गेल्या खेपेला विमानाच्या सामानात बसेना म्हणून ती बारामतीत राहिली. मी ती शिकते आहे हे कळल्यावर तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की आजी, तू कोणतं गाणं बसवलंस आणि ते सोपं आहे की अवघड. मी "मध्यम" म्हणाले आणि जेवणाचं विचारलं. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तुम्ही येऊन गेलातच. हातापायांत हळूहळू बळ आलं, वाचा मात्र आली नाही. सगळ्या भाषेतून एकच शब्द त्यांच्यापाशी उरला, "बरं". तहान लागली तरी बरं, चहात साखर कमी पडली तरी बरं, राग आला तरी बरं. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला, सहा ओळींचा अर्जही तीनदा वाचून सही करणारा माणूस एका शब्दावर घर चालवू लागला. मी त्यांच्या "बरं"चे प्रकार ओळखायला शिकले. पण मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. कसंही चाललं असतं, मला रागावलेलंही. ते येणार की नाही, एवढाच प्रश्न त्या दिवसांत माझ्यापुढे होता.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं, की बोलण्यातून जे शब्द येत नाहीत ते काही जणांना गाण्यातून येतात. खात्री देता येत नाही, पण करून बघा. संथ गाणी निवडा, त्यांच्या तरुणपणातली, आणि तुम्हाला न अडता म्हणता येतील इतकी सोपी.

न अडता. हा शब्द मी मनात पक्का धरला, आणि तिथंच चुकले.

यांना मी लग्नानंतर कधीच गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणातलं गाणं कोणतं, हे मला माहीत नव्हतं. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडे त्यांचं गाव. घरात एकेकाळी मेंढरं होती, पुढं पाण्याची सोय झाली आणि ऊस आला. माझ्याशी ते पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत बोलले. गावाकडची बोली ते चपलांसारखी दाराबाहेर काढून आत येत.

एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत एक मुलगी गिटारचा क्लास चालवते. वडगाव निंबाळकरची, घरी भाजीपाला. तिचा स्वतःचा चौघांचा बँडही आहे. आपल्याकडची लोकगीतं घ्यायची आणि गिटार, ड्रम लावून रॉकसारखी म्हणायची, असा त्यांचा खाक्या. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा तिनं माझ्यामागे कुणी नातवंड आहे का ते वाकून पाहिलं. विद्यार्थी मीच आहे म्हटल्यावर तिनं माझी बोटं हातात घेऊन दाबून बघितली, भाजी घेताना बघतात तशी, आणि म्हणाली, "आजी, पहिला महिना बोटं शिव्या देतील. दुसऱ्या महिन्यात मी."

मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या. कोणता प्रश्न सोपा, कोणता अवघड, आणि आधी सोपे घालून मुलांचा हात कसा बसू द्यायचा, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. तीच पद्धत मी गाण्यांना लावली. थोरलीनं ठेवलेली इंग्रजी गाणी आणि या मुलीच्या बँडची मराठी गाणी, सगळ्यांचे मी तीन गट केले. ज्यात कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं धरायच्या ठेवणी, तीन किंवा त्याहून कमी, ते सोपं. चार-पाच कॉर्ड, पण उजव्या हाताचा ठेका सरळ, ते मध्यम. जिथं हाताचा ठेका एकीकडे आणि गळ्याचा दुसरीकडे, ते अवघड. शिक्षिकेनं माझी विभागणी ऐकून घेतली आणि म्हणाली, "कॉर्ड मोजू नका आजी. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जायला गाणं तुम्हाला किती वेळ देतं, ते बघा." मला ते पटलं नाही. मोजता येईल ते मोजावं, असं माझं मत.

तिच्या बँडच्या गाण्यांत एक नीरा-भीमेच्या काठचं होतं. ते त्या भागात जुनी माणसं म्हणतात, तिच्या आजोळीही म्हणत, एवढंच तिला ठाऊक होतं. कॉर्ड तीनच: ए मायनर, जी आणि एफ. यांच्या गावाकडचं आणि सोपं, म्हणजे दुहेरी लाभ. मी ते पहिल्या गटात सगळ्यांत वर घातलं. त्यातल्या तीन ओळी अशा होत्या:

नीरा आली वळणानं, भीमा तिला भेटली जी
उन्हं गेली माळावरनं, मेंढरं खाली बसली जी
मोजून झाली समदी तरी, कोण मागं ऱ्हायलं जी

एफ हा कॉर्ड धरताना पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. थोरलीला ठाऊक आहे, धाकट्याला सांगते आहे. माझं ते बोट सांधेदुखीनं वाकडं झालेलं. आणि या गाण्यात एफ येतो प्रत्येक ओळीच्या शेवटी, अखेरच्या दोन शब्दांच्या नेमका आधी.

चारचा चहा झाला. हे बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर, उशीला टेकून, दाराकडे तोंड करून बसलेले. मी समोर खुर्ची घेतली. "नीरा आली वळणानं, भीमा तिला" इथपर्यंत आले आणि बोट आडवं पडेना. मी थांबून खाली वाकले, एकेक तार चाचपू लागले.

"भेटली जी."

आवाज तरुण होता. उंच पट्टीतला, उघड्या माळावर लांब पोचवायचा असावा तसा. माझं पहिलं लक्ष दाराकडे गेलं. दारात कुणी नव्हतं. मग मी यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड नुकतं मिटत होतं.

मी दुसरी ओळ सुरू केली, एफपाशी पुन्हा अडले, आणि त्या रिकाम्या जागेत "बसली जी" आलं, सुरात, एकही अक्षर न अडखळता. मग "ऱ्हायलं जी". चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या तोंडून "राहिलं"शिवाय दुसरं ऐकलं नव्हतं, ते "ऱ्हायलं" म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी मान वर केली, तेव्हा ते पलंगावर उजवीकडे सरकत होते. डाव्या अंगाला एक माणूस बसेल एवढी जागा झाली. ती त्यांनी तळव्यानं झटकली, पाहुणा आल्यावर झटकतात तशी. मी खुर्चीतच होते. ती जागा माझ्यासाठी असती तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

पुढचे काही दिवस मी हवेत होते. थेरपिस्टला सांगितलं, तिला आनंद झाला. म्हणाली, भरपूर सराव करा. मी सराव केला. सकाळी भाजी चिरण्याआधी एफ, दुपारी आडवं होण्याआधी एफ. बोट सुजलं, त्याला हळद लावली, पुन्हा एफ. आणि एके दिवशी तो लागला. स्वच्छ, सहाही तारा. सबंध ओळ एका दमात, न अडता.

त्या दिवसापासून ते गप्प झाले.

मी तेच गाणं, तीच वेळ, तीच खुर्ची ठेवली. मी एक ओळ पुरी करून दुसरी पुरी करायचे आणि ते समोर बसून असायचे. चारच्या सुमारास उजवीकडे मात्र न चुकता सरकायचे. मला वाटलं, आजार पुन्हा उलटला. एक वाक्य मिळायच्या ऐवजी होते ते दोन शब्दही गेले. मी सूर खाली आणला, वेग कमी केला, इतका कमी की गाणं रांगायला लागलं. "बरं," ते शेवटी म्हणायचे. तो थकल्याचा "बरं" होता.

शिक्षिकेला मी घरी बोलावलं. ती यांच्या पाया पडली, चहा घेतला, मला वाजवायला सांगितलं. ऐकून म्हणाली, "वा आजी, एफ झकास. आता कुठंच थांबत नाही तुम्ही." मी गिटार खाली ठेवली. तिच्या बँडनं ओळी सलग केल्या होत्या, म्हणून मीही सलग शिकले होते. मी तिला विचारलं, की तुझ्या आजोळी हे गाणं एकटं माणूस म्हणायचं का. ती जराशी आठवून म्हणाली, नाही, दोघं असायचे. एकानं ओळ टाकायची, शेवट सोडून द्यायचा. दुसऱ्यानं तो उचलायचा, त्याला झील धरणं म्हणतात. स्टेजवर ते तुटक वाटतं म्हणून त्यांनी जोडून घेतलं.

मी गिटार पुन्हा घेतली. "नीरा आली वळणानं, भीमा तिला". बोट तयार होतं, एफ हाताशी होता, तरी मी मुद्दाम थांबले.

"ऱ्हायलं जी," हे म्हणाले.

शिक्षिका हसली. शेवटच्या ओळीचा शेवट पहिलीला लावला म्हणून आजोबांची गंमत वाटली तिला. मला वाटली नाही. आवाज ठाम होता, ताल अचूक होता. ज्या ओळीला तो शेवट लागतो ती ओळ त्यांनी ऐकली होती. मी ती म्हटली नव्हती. आणि त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ती पलंगाच्या मोकळ्या अर्ध्या भागावर होती, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं मिश्कील हसू होतं.

भिंतीवर तेव्हा गिटार नव्हती, ती माझ्या मांडीवर होती. मी तारांवर हात ठेवून बसले, त्यांचं थरथरणं थांबेपर्यंत.

त्या आठवड्यात आम्ही गावी गेलो. गाडी ठरवून, इंदापूरच्या वाटेनं. घरी आता माझी जाऊ असते, यांच्या थोरल्या भावाची बायको. मी तिला अक्का म्हणते. यांचे दादा माझ्या लग्नाच्या आधीच तापानं गेले. मी त्यांचा फोटोही पाहिलेला नाही, कारण काढलेलाच नव्हता. घरात त्यांचा विषय निघाला की हे उठून पाणी प्यायला जायचे, हे मला ठाऊक होतं. का, हे मी कधी विचारलं नाही.

अक्कानं गाडीतल्या गिटारीकडे बघून विचारलं, हे विंग्रजी वाद्य नवऱ्याच्या औषधाला आणलंय का. मी हो म्हटलं, तशी ती हसायची थांबली. जेवणं झाल्यावर हे ओसरीवर डोळे मिटून पडले आणि मी अक्काला सगळं सांगितलं. गाण्याच्या तीन ओळी बोलून दाखवल्या, चालीशिवाय. ती निवडत होती ती डाळ तिनं बाजूला ठेवली.

दोघे भाऊ मेंढरांमागं हिंडायचे, तेव्हाचं ते गाणं, ती म्हणाली. संध्याकाळी मेंढरं मोजायची आणि मोजताना म्हणायचं. ओळ दादांनी टाकायची आणि झील यांनी धरायची. दादा फार मस्करी करायचे, ओळींचा क्रम मुद्दाम उलटापालटा करायचे. धाकट्यानं चुकावं म्हणून. पण हे कधी चुकायचे नाहीत.

"ते गेले आन ह्यांनी तोंड मिटलं," अक्का म्हणाली. "आमच्यात जोडीतला एक गेला की दुसरा झील धरत न्हाय, बाई. जागा मोकळी सोडून म्हणलं की ज्याची हाय त्यो येऊन बसतो."

मी म्हटलं, अक्का, डॉक्टर म्हणतात की मेंदूत गाण्याची वाट वेगळी असते.

"आसंल की. वाट वेगळीच आसंल." तिनं डाळ निवडायचं सूप पुन्हा पुढं ओढलं. "पर आलेला एकटा माघारी जात न्हाय म्हणत्यात. तुमी शिकलेल्या हाय. तुमी बघा."

परत फिरण्याआधी आम्ही थोडं पुढं जाऊन संगमावर उतरलो. नरसिंहाचं दर्शन घेतलं, घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. दोन्ही नद्यांचं पाणी तिथं संथ होतं, दुपारची वेळ, नावाडी नाव बांधून झोपलेला. हे पाण्याकडे बघत होते. मी हात धरला तर त्यांनी धरू दिला. पण दुसरा हात त्यांनी बाजूच्या पायरीवर उताणा ठेवला होता, बोटं किंचित मिटलेली.

घरी आल्यावर मी गिटार भिंतीला अडकवली आणि काढली नाही. मी अशा गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईच्या पत्रिकेचे कागद मी रद्दीत घातले होते. तरी मी गिटार काढली नाही. दोन तोटे समोर होते. वाजवलं नाही तर त्यांचा आवाज गेला. वाजवलं तर आवाज मिळेल, पण तो दुसऱ्याच कुणाला दिलेला, आणि अक्का म्हणाली तसं त्याच्या मागोमाग तेही जातील. घर पुन्हा "बरं"वर चालू लागलं. चार वाजले की हे उजवीकडे सरकून बसत आणि वाट बघत. कुणाची, ते मी विचारत नव्हते. भिंतीवरून मधूनच हुंकार यायचा, तेव्हा ते मान हलवायचे, फोनवर दुसऱ्याचं ऐकताना हलवतो तशी.

शेवटी मला त्या मान हलवण्याचाच राग आला. माझ्या घरात, माझ्या चहाच्या वेळेला, मला वगळून एक संभाषण चाललं होतं. मी उठले आणि गिटार काढली. खुर्चीत बसले. पहिली ओळ, दुसरी ओळ टाळून मी सरळ तिसरीवर गेले.

"मोजून झाली समदी तरी, कोण मागं".

आणि थांबले. बोट एफवर तयार ठेवून, तारा न छेडता.

काही आलं नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी डावीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या बोटाकडे, पुन्हा त्या जागेकडे.  मी ठरवलं होतं, शेवट मी म्हणणार नाही. कितीही वेळ लागला तरी ती जागा मी भरणार नाही.

"दादा, सरक," हे म्हणाले. "हिला बसू दे."

त्यांच्या आत्ताच्या आवाजात, खरखरीत, थकलेल्या. माझ्या ओळखीच्या.

मी गिटार खुर्चीला टेकवली आणि जाऊन त्यांच्या डाव्या अंगाला बसले. आम्ही दोघंही दाराकडे तोंड करून बसलो होतो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की चादर कोमट होती. दुसऱ्या दिवशी, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी, मी चार वाजता उभी राहून खिडकीतलं ऊन कुठं पडतं ते पाहिलं. ते पलंगापर्यंत पोचत नाही.

त्यानंतर शब्द थोडेथोडे येऊ लागले. "पंखा", "नको", "आमटी खारट". मागच्या रविवारी तुम्ही फोन केलात तेव्हा त्यांनी धाकट्याला विचारलं, "उंची वाढली का?" तुम्हाला वाटलं असेल आजोबा नेहमीचंच विचारताहेत. मी फोन धरून शेजारी होते, तो मी त्यांच्या तोंडाजवळ आणखी सरकवला. त्यांनी झील मात्र पुन्हा धरली नाही. मीही ते गाणं त्यांच्यासमोर म्हणत नाही. क्लासला म्हणते.

आता गटाचं. थोरली, तुझी बोटं तरुण आहेत, तुला एफ दोन आठवड्यांत येईल. तरी हे गाणं पहिल्या गटात घालू नकोस, मी घातलं होतं तसं. शिक्षिका म्हणाली होती ते बरोबर होतं. एफच्या आधी हे गाणं फार वेळ देतं, आणि तेवढा वेळ हात तारांवर ठेवून नुसतं बसणं मला अजून जमत नाही. मी अवघड गटात टाकलं आहे. कॅपो, तो तारांवर लावायचा चिमटा, लागत नाही. उजव्या हाताचा ठेका सरळ. शेवटचे दोन शब्द तुझ्यापाशी म्हणायला कुणी असेल तर त्याला देऊन टाक, आणि नसेल तर स्वतःच म्हण, लगेच.

आणखी एक. पलंगावर आता मी बसते, म्हणून समोरची माझी खुर्ची रिकामी असते. तिच्यावर मी गिटारीचं कव्हर घडी करून ठेवते. तूही शिकताना शेजारच्या खुर्चीवर काहीतरी ठेवत जा. पुस्तकं, कोट, काहीही.